आतल्या खिशाचा कोट

वाचनालयाच्या वार्षिक अंकात ‘आपल्या ओळखीचा साधा माणूस’ असं एक सदर असतं. ग्रंथपालबाईंनी मला त्यासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा मी नेहमीसारखी मान हलवली आणि विषय सोडून दिला. मी लिहिणारा नव्हे. चौतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. वर्षअखेरीला फुटलेल्या परीक्षानळ्यांची यादी करायची, एवढंच माझं लेखन, आणि त्या यादीतही हेडमास्तर दोन-तीन चुका काढायचे.

पण आमच्या मास्तरांवर एक वार्ताहर मुलगी खरोखरच लिहिणार होती, मोठ्या वर्तमानपत्रात, फोटोसकट. ते माझ्यामुळे राहिलं. म्हणजे हे काम फिरून माझ्याच अंगावर येतं. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, “लिही. पण शिवण सरळ येऊ दे.” त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “लिहा की पाहुणे. वाचतंय कोण?”

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. तळमजल्यावर त्यांचं लांबट दुकान आहे. दोन यंत्रं, दाराशी कापायचं टेबल आणि टेबलाची एक कड मास्तरांच्या पोटाने घासून गुळगुळीत झालेली. मागच्या भिंतीवर लोखंडी हुक आहेत आणि प्रत्येक हुकाला खाकी कागदांची जुडी टांगलेली. एकेक जुडी म्हणजे एकेका गिऱ्हाइकाचा कोट: पाठीचा कागद, पुढच्या दोन बाजूंचे, बाह्यांचे, कॉलरचा. शरीर बदललं की मास्तर त्याच कागदावर पेन्सिलीने नवी खूण करतात आणि शेजारी साल लिहितात. नाव मात्र कुठल्याच कागदावर नाही, नुसता नंबर. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त त्यांच्या डोक्यात.

याचं कारण त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. वकीलसाहेबांचा एक खांदा दोन बोटं खाली आहे. तालीम शिकवणाऱ्या पहिलवानाच्या छातीत कापूस भरावा लागतो. बँकेतल्या बाईंच्या पाठीला बाक आहे आणि तो त्यांच्या सुनेलाही माहीत नाही. “ते माझ्यासमोर कोट काढून उभे राहतात,” मास्तर म्हणाले होते, “मी त्यांना चारचौघांत उभं करायचं नाही.” वकीलसाहेब आणि पहिलवान एकाच बाकावर बसून थांबलेले मी कितीदा पाहिले आहेत. एकमेकांची जुडी डोक्यावर लटकते आहे, याची दोघांनाही कल्पना नसते.

मी या दुकानात पहिल्यांदा आलो तो ॲसिडने भोक पडलेला डगला घेऊन. डगला दुरुस्त होण्यासारखा नव्हता. मास्तरांनी तो हातात घेतला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाले, “नवा शिवू. बुधवारी या.” टेप लावलीच नाही. मला जरा अपमान वाटला. बाकीच्या गिऱ्हाइकांना हात वर करा, वळा, श्वास सोडा असं काय काय सांगत होते, आणि मी म्हणजे जणू शाळेचा पडदा. पण बुधवारी डगला असा बसला, की आरशातला माणूस मला अनोळखी वाटला. पुढे त्यांनी मला कोटही शिवले, दर दोन-तीन वर्षांनी एक. टेप कधीच नाही. आणि प्रत्येक कोटाला डाव्या काखेखाली आतून एक छोटा उभट खिसा. मी कधी मागितला नव्हता. माझी चष्म्याची डबी त्यात अगदी बेताने बसते. त्या खिशाचा मला फार अभिमान होता. न सांगता कुणी आपल्यासाठी काही केल्याचं माझ्या आयुष्यात दुसरं उदाहरण नाही.

डगला शिवला त्याच वर्षाच्या अखेरीस मी दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने आलो. एक खोली मास्तरांची, एक माझी. दुसऱ्या वर्षीच त्यातली एक खोली कापडाच्या ठाणांनी भरली आणि दोन्ही खाटा दुसऱ्या खोलीत आल्या. याला आता एकतीस वर्षं झाली. गल्लीने आमच्याबद्दल काय ठरवलं ते गल्ली जाणे. आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्ही कुणाला सांगितलं नाही. दुकानात मास्तर मला ‘सर’ म्हणतात, अहो-जाहो करतात. जिना चढला की ‘अरे, चहा ठेव’. ताई शेजारच्या घरात राहतात. मला काय म्हणावं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी ‘पाहुणे’ सुरू केलं. मला आधी वाटायचं, मी कधी जातो याची त्या वाट बघताहेत. नंतर कळलं, त्या आपल्या जावयालाही पाहुणेच म्हणतात.

आता त्या गायकाबद्दल. ते टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

माझ्या आधी मास्तर एका वाद्यवृंदाचे कोट शिवत. त्यात एक उंच, देखणा गायक होता. दोघे सहा वर्षं एका खोलीत राहिले. मग गायकाचं नशीब उघडलं, तो मोठ्या मंचावर गेला आणि परत आला नाही. मास्तरांनी मला हे एकदाच सांगितलं, तेही सुईत दोरा ओवता ओवता: “होता एक. गेला.” पुढे मी त्याचं नाव काढलं नाही, पण त्याला एक दिवस विसरलोही नाही. कसा विसरणार? तो न्हाव्याच्या दुकानात गातो, रिक्षात गातो, शाळेच्या संमेलनात मुलं त्याचीच गाणी म्हणतात. इतरांच्या आयुष्यातून निघून गेलेली माणसं निदान गप्प तरी बसतात. हा तीस वर्षं माझ्या कानाशी बसून होता. एकदा त्याच्या घशाची शस्त्रक्रिया झाल्याची बातमी आली आणि मला बरं वाटलं. मग स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी मी मास्तरांचे सगळे रुमाल धुतले.

आणि यंदाच हा गायक, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हणाला, की आपण आयुष्यभर पुरुषांवरच प्रेम केलं. पुढे म्हणाला, “पहिलं प्रेम एक शिंपी होता. नुसता बघून माप सांगायचा. त्याने शिवलेला कोट अजून माझ्या कपाटात आहे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातला चहा निवला. मास्तरांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, “उद्या वकिलांच्या कोटाची ट्रायल आहे.”

त्यानंतर पंधरा दिवस तो शिंपी कोण, याचा देशभर शोध सुरू होता. एका वाहिनीला वाद्यवृंदाचा जुना फोटो मिळाला. त्यातल्या पाच जणांच्या डोक्याभोवती लाल वर्तुळं काढली आणि फोन करून मत द्या म्हणाले. मास्तर चौथ्या वर्तुळात होते. दिसत होता फक्त एक कान आणि गळ्यातली टेप. त्यांना सगळ्यांत कमी मतं पडली. मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी रागही आला. टेप गळ्यात असून लोकांना शिंपी ओळखू येत नाही म्हणजे काय?

त्या वार्ताहर मुलीला मात्र ओळखू आला. मंगळवारी दुपारी ती दुकानात उभी राहिली. निवृत्तीनंतर मी स्टुलावर बसून कोटांची कच्ची शिलाई उसवतो. तेच करत होतो.

“काका, तुम्ही पूर्वी वाद्यवृंदाचे कोट शिवत होता ना?” तिने मास्तरांना विचारलं. “मला फक्त बोलायचंय. तुम्ही म्हणाल तेवढंच छापीन.”

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी एकेक काढून उशीत खोचली. सात टाचण्या. मी ‘नाही’ या शब्दाची वाट बघत होतो.

“रविवारी या,” ते म्हणाले. “दुकान बंद असतं.”

तिने एक कार्ड टेबलावर ठेवलं आणि गेली. माझ्या हातात चुकीचा धागा आला आणि कोटाची पक्की शिलाई सुटली.

म्हणजे मास्तर बोलणार होते. रविवारनंतर ते सगळ्या देशासाठी ‘त्याचे’ होणार होते. पहिलं प्रेम. आणि मी? दुकानात शिलाई उसवणारा एक म्हातारा, फोटोत आलाच तर कडेला कापला जाणारा. सहा वर्षांची बातमी होते आणि एकतीस वर्षांचं काहीच होत नाही, हे मला गिळता येईना. मी बोलणं बंद केलं. तो माझा जुना उपाय आहे.

बुधवारी मास्तरांनी केस कापून घेतले. गुरुवारी ट्रंकेतला करडा कोट काढून उन्हात टाकला.

“कुणाचं लग्न आहे?” मी विचारलं. तेवढं एकच वाक्य.

“नाही,” ते म्हणाले. थोडं थांबले, जणू मी पुढे काही विचारावं. मी भांडी घासायला घेतली.

शुक्रवारी ताई डबा परत द्यायला आल्या. “पाहुणे, तोंड असं का?”

“दात दुखतोय.”

“हो का? टीव्हीवर गातो तोच दात ना?”

मी डबा घेऊन आत गेलो.

शनिवारी सकाळी मास्तर वकिलांचा कोट द्यायला स्वतः गेले. दुकानात मी एकटा. मी मागच्या भिंतीसमोर उभा राहिलो. एकतीस वर्षांत मी त्या जुड्यांना हात लावला नव्हता. पण त्या गायकाचा कागद तिथे असणारच होता, आणि तो कुठे असेल हेही मला ठाऊक होतं. दाराच्या मागे, बाकीच्यांपासून दूर, एकाच हुकाला एकच जुडी होती. नंबर एक.

मी ती सोडली. कागद वापरून वापरून कापडासारखा मऊ झालेला. पाठीच्या कागदावर खुणाच खुणा. डावा खांदा थोडा खाली, आणखी थोडा खाली. पाठीची लांबी वाढत गेलेली, पुढची बाजू आखूड होत गेलेली. मी इतकी वर्षं ऐकून शिकलोय, असं पोक येणाऱ्या माणसाचं होतं. शेवटची खूण याच वर्षातली होती. आणि मला आठवलं, मागे एकदा तो गायक टीव्हीवर गात असताना मास्तर डोळे बारीक करून म्हणाले होते, “वाकलाय. पाठ वाढवायला पाहिजे.”

म्हणजे हे असं चाललं होतं. मी शेजारी बसून शेंगा सोलत होतो आणि मास्तर पडद्यावरून त्याची मापं घेत होते. वर्षानुवर्षं.

मी टेबलावरचं कार्ड घेतलं आणि त्या मुलीला फोन केला. मला काय हवं होतं, हे आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक एवढंच, की व्हायचं ते माझ्या हाताने व्हावं.

ती अर्ध्या तासात आली. मी कागद टेबलावर पसरले. “हे त्याचं माप,” मी म्हणालो. “अजून ठेवलंय. दर वर्षी सुधारतात.”

तिने फोनवर दोन-तीन फोटो काढले. मग थांबली. बाहीचा कागद उचलून धरला.

“काका, मी त्या गायकांच्या शेजारी उभी राहिलेय. माझं डोकं त्यांच्या छातीला लागतं. ही बाही त्यांच्या मनगटाच्या बरीच वर राहील.” तिने माझ्याकडे पाहिलं. “जरा हात सरळ करता?”

मी केला. तिने कागद माझ्या खांद्याला लावून खाली सोडला. तो मनगटाच्या हाडावर येऊन थांबला. माझा डावा खांदा खाली आहे, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. शाळेत चौतीस वर्षं त्या हाताने पाण्याच्या बादल्या उचलल्या.

“पहिली खूण कधीची आहे बघा,” ती म्हणाली.

मी फक्त शेवटच्या खुणा वाचल्या होत्या. पहिलं साल कागदाच्या कडेला पुसट होतं. मी जळका डगला घेऊन आलो ते साल.

“तुम्ही इथे कधीपासून राहता, काका?” तिने हळूच विचारलं. मी बाहीच्या कागदाची घडी घालायला घेतली. तिला उत्तर लागलंही नाही.

तेवढ्यात मास्तर दारात आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मी त्यांना इतकं चिडलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

“गिऱ्हाइकाचा कागद परक्याला दाखवलास तू?”

“गिऱ्हाईक मीच आहे,” मी म्हणालो.

“म्हणून काय झालं?”

त्या मुलीला हसू आलं असावं, पण तिने ते दाबलं. तिने मास्तरांना खुर्ची दिली, जणू दुकान तिचंच. म्हणाली, “काका, आता मला विचारायलाच हवं. मी त्यांच्याबद्दल लिहायला आले होते. पण तुमच्याबद्दल लिहायचं तर हेही लिहावं लागेल. दोघांचं. चालेल?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, की ते खरंच विचारताहेत आणि मी म्हणेन ते होणार आहे.

एकतीस वर्षं मला वाटत होतं, की कुणालातरी हे कळावं. आज एक मुलगी वही उघडून उभी होती. माझ्या डोळ्यांपुढे शाळा आली, हेडमास्तर आले, वाचनालयातली माणसं आली, पाच लाल वर्तुळं आली.

“नको,” मी म्हणालो.

“मग यांच्यापुरतंच? तुमचा उल्लेखही करणार नाही.”

मला तेच सगळ्यांत नको होतं, पण ते तोंडाने कसं म्हणणार? मी कागद गोळा करत राहिलो.

“तर मग माझंही नको,” मास्तर म्हणाले. “अर्धा कोट मी कुणाला देत नाही.”

तिने वही मिटली. फोनमधले कागदाचे फोटो आमच्यासमोर पुसून टाकले, कुणी सांगितलं नसताना. जाताना म्हणाली, “मला लिहायला आवडलं असतं.”

वर गेल्यावर मी चहा ठेवला. बराच वेळ उकळू दिला.

“तू हो म्हणणार होतास,” मी म्हणालो.

“हो,” मास्तर म्हणाले. “चाळीस वर्षं लोकांच्या अंगावर माझं काम फिरतंय. कुणीतरी एकदा विचारावं, शिवलं कुणी, असं वाटलं. त्यात काय चुकलं?”

“मग रविवार कशाला?”

“ती विचारणार, आता कोण आहे. त्यावर काय सांगायचं ते तुला विचारायचं होतं. तू आठवडाभर तोंड उघडशील तर ना.”

मी त्यांची एकुलती एक संधी घालवली होती. वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण खरं लिहायचं तर त्याच्या आधी आनंद झाला.

तो फार टिकला नाही. दुपारी जुडी परत बांधताना मी पाठीचा कागद उलटा केला. मागच्या बाजूला लाल पेन्सिलीच्या जुन्या रेषा होत्या. कडेपर्यंत जाऊन तुटलेल्या, म्हणजे कागद आधी मोठा होता आणि नंतर लहान कापला होता. पुढच्या बाजूच्या कागदाच्या मागे, काखेखाली, लाल पेन्सिलीनेच एक छोटा उभा चौकोन होता.

“हे काय?”

मास्तरांनी चष्मा वर केला. “त्याचा होता कागद. तो गेल्यावर उलटा करून तुझा कापला. तेव्हा जाड कागद मिळत नव्हता.”

“आणि हा चौकोन?”

“घशाच्या गोळ्यांची डबी ठेवायचा तो. खिशाची खूण आहे.” मग माझा चेहरा पाहून म्हणाले, “सवयीने शिवत गेलो. तुला उपयोग होतोय ना?”

म्हणजे एवढी वर्षं मी छातीशी जपलेला खिसा त्याचा होता.

तीन आठवड्यांनी टीव्हीवर भलताच एक शिंपी आला. टक्कल, हातात गुच्छ. गायकाने त्याला मिठी मारली आणि डोळे पुसत म्हणाला, “ओळखलं, लगेच ओळखलं.” तो खरंच विसरला होता, की कुणालातरी मुद्दाम झाकत होता, हे मला ठरवता आलं नाही. मास्तर काज करत होते. “बरं झालं,” म्हणाले, “सुटलो.” पण त्यांच्या बोटाला सुई टोचली. एकतीस वर्षांत मास्तरांना सुई टोचलेली मी पाहिली नव्हती. मी ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन टेबलासमोर उभा राहिलो.

“मला नवा कागद पाहिजे.”

“जुना चांगला आहे. मऊ झालाय, नीट बसतो.”

“कोरा पाहिजे. आणि टेप लावून.”

वकीलसाहेब बाकावर बसले होते. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातली टेप काढली. “बरं सर, हात वर करा.” मी पोट आत ओढलं. “श्वास सोडा,” ते म्हणाले. “मला माहीत आहे किती आहे ते.”

नवा कोट महिन्याने झाला. आतला खिसा नको, हे मी तीनदा बजावलं होतं आणि मास्तरांनी ऐकलं. कोट छान बसतो. जुनी जुडी मात्र त्यांनी फेकली नाही. तिची बाही उत्तम आहे म्हणे. ती दाराच्या मागे त्याच हुकाला आहे. दुकानात शिरलो, की मी आधी तिकडे बघतो.

आणि चष्म्याची डबी आता मला हातात धरून फिरावं लागतं. दोनदा वाचनालयात विसरलो.